गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये ५०० किलोची जिब क्रेन: पिलर, वॉल की आणखी काही?

शिरगाव_मशीनशॉप
नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशीन शॉपसाठी जिब क्रेन, म्हणजे एका टोकाला धरलेल्या आडव्या, फिरत्या आर्मची क्रेन, घ्यायची आहे. शेड १२ मीटर रुंद, २४ मीटर लांब, ट्रसखाली ५ मीटर मोकळी उंची. बाजूचे खांब आयएसएमबी ३०० चे (३०० मिमी उंचीचा लोखंडी आय बीम), त्यांच्यामध्ये नऊ इंची वीटकाम. फरशी ट्रिमिक्सची (व्हॅक्यूमनं पाणी काढून घासलेलं काँक्रीट), १५० मिमी जाडीची, आत सळई नाही. एका रांगेत दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन) आणि समोरच्या बाजूला एक सीएनसी टर्निंग (लेथ). माल म्हणजे फाउंड्रीतून येणारी पंप बॉडी आणि गिअर हाउसिंग, वजन १८० ते ३५० किलो. सध्या घोडीला चेन ब्लॉक लावून काम चालतं, एका जॉबला दोन-तीन माणसं अडकतात.

प्रश्न असे आहेत. पिलरवरची घ्यावी की शेडच्या खांबाला लावायची? क्षमता ५०० किलो आणि आर्म ४ मीटर धरलाय, बूमची (म्हणजे आर्मच्या बीमची) खालची कड ३.५ मीटरवर. यार्डात १० इंची पाइप पडून आहे, १० मिमी जाडीचा, तो पिलरला चालेल का? आणि फरशी न फोडता केमिकल अँकरवर उभी करता येईल का? फॅब्रिकेटर म्हणतोय "५०० किलोला काय होतंय, बसवून टाकू."

ओळंबा
आधी एक गोष्ट डोक्यातून काढा: क्रेनचा प्रकार वजनावरून ठरत नाही, क्रेनने टाकलेली ओढ कोण झेलणार यावरून ठरतो. तुमच्याकडे झेलायला तीनच जागा आहेत, फरशी, शेडचा खांब आणि ट्रस. तिन्ही तपासू.

शेडचा खांब. वॉल जिबचे दोन प्रकार मिळतात. एकात आर्मला वरून टाय रॉडची तिरकी ओढ असते. बूम हलकी पडते, स्वस्त पडते, पण रॉडसाठी वर जागा लागते. दुसऱ्यात रॉड नसतो, बूमच जड सेक्शनची असते. छत बुटकं असेल तिथं ही बरी. दोन्ही साधारण १८० अंश फिरतात. दोन्हींत वरचा ब्रॅकेट खांबाला बाहेर ओढतो आणि खालचा आत ढकलतो. ५०० किलो, ४ मीटर आर्म, होइस्टचं (उचलणाऱ्या यंत्राचं) आणि बूमचं वजन, उचलतानाचा हिसका हे सगळं धरून मोमेंट, म्हणजे वजन गुणिले अंतर अशी वाकवणारी ओढ, ३ टन-मीटरच्या आसपास जातो. दोन ब्रॅकेटमध्ये १.२ मीटर अंतर असेल तर वर अडीच टन ओढ आणि खाली अडीच टन दाब. ५०० किलोच्या क्रेनचे अडीच टन झाले, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

त्याहून वाईट गोष्ट पुढं आहे. आर्म भिंतीला काटकोनात असतो तेव्हा खांब त्याच्या मजबूत बाजूनं वाकतो. आर्म फिरवून भिंतीला समांतर नेला की तोच मोमेंट खांबाच्या कमजोर बाजूवर येतो. आयएसएमबी ३०० चा सेक्शन मॉड्युलस (वाकण्याला विरोधाचं माप) मजबूत बाजूनं ५७३ घन सेंमी आहे आणि कमजोर बाजूनं जेमतेम ६५. म्हणजे नववा हिस्सा. ३ टन-मीटरमधला अर्धा जरी खांबाच्या एका भागात गेला तरी ताण २३० मेगापास्कलपर्यंत पोचतो, छताचं आणि वाऱ्याचं ओझं वेगळंच. साध्या २५० यील्डच्या (म्हणजे २५० मेगापास्कलला कायमचं वाकायला लागणाऱ्या) स्टीलला १५० च्या वर जायचं नसतं. त्यामुळं शेडच्या खांबाला ४ मीटरची जिब अजिबात नको. वीटकामाचा तर विचारच सोडा.

ट्रस. मास्ट जिब नावाचा प्रकार वर आणि खाली दोन्हीकडं बेअरिंगवर टेकतो. ५ मीटर उंचीला वरच्या टोकावर फक्त ६०० किलोच्या आसपास आडवी ओढ येते, पाया लहान लागतो. मोठ्या गर्डरच्या इमारतीत हा छान बसतो. पण ही ओढ आर्म फिरेल तशी दिशा बदलते आणि तुमच्या ट्रसची खालची कॉर्ड (खालचा आडवा दांडा) आडवी ओढ घ्यायला केलेलीच नसते. दोन ट्रसमध्ये वेगळा बीम आणि ब्रेसिंग टाकायचा खर्च धरला की बचत संपते.

राहिली जमीन. स्वतंत्र पिलर, त्याचा स्वतःचा पाया. तुमच्या शेडला हेच योग्य.

केमिकल अँकरबद्दल: पायाशिवायची जिब मिळते, पण तिचा बेस मोठा असतो आणि खाली सळईची सलग स्लॅब लागते, बेसच्या खालून जॉइंट जाता कामा नये. सळई नसलेलं ट्रिमिक्स वाकायला लागलं की तुटतं. अँकर उपटून येणार नाही, फरशीचा तुकडाच उचलला जाईल.

हिशेब_आधी
ओळंबा यांच्याशी पूर्ण सहमत. पाइपचं गणित मांडतो, कारण "५०० किलोला काय होतंय" हे इथंच उघडं पडतं.

ओझं ५०० किलो, त्यावर २५ टक्के हिसका, म्हणजे ६२५. इलेक्ट्रिक चेन होइस्ट ट्रॉलीसकट ६० किलो धरा. ६८५ गुणिले ४ मीटर म्हणजे २७४० किलो-मीटर. बूमला आयएसएमबी २५० घेतला तर ३७.३ किलो प्रति मीटर, ४ मीटरला १४९ किलो, त्याचा भार मध्यावर म्हणून २९८. एकूण ३०४० किलो-मीटर.

१० इंची पाइप म्हणजे बाहेरून २७३ मिमी. १० मिमी जाडीला सेक्शन मॉड्युलस ५२४ घन सेंमी येतो. ताण ५७ मेगापास्कल. परवानगी १५० ची. फॅब्रिकेटर इथं थांबतो आणि म्हणतो, अडीचपट मजबूत आहे, उभी करा.

आता झोल, म्हणजे टोक किती खाली झुकतं ते, मोजा. झोल हिसक्याशिवाय धरतात, म्हणून ५६० किलो. ३.५ मीटर उंचीच्या या पाइपचं डोकं जेवढं कलतं त्यानं ४ मीटरवरचं टोक २१ ते २२ मिमी खाली येतं. बूम स्वतः वाकते ते आणखी ११ ते १२ मिमी. बेरीज ३३. जिबला टोकाचा झोल आर्मच्या लांबीच्या १५० व्या भागात ठेवतात, ४ मीटरला २७ मिमी. पाइप तुटणार नाही, पण नापास आहे.

"झोल पडला तर पडू दे" असं म्हणायची सोय नाही. बूम उताराची झाली की भरलेली ट्रॉली आपोआप टोकाकडं पळते. चकमध्ये जॉब धरताना ऑपरेटर एका हातानं ट्रॉली अडवून धरतो आणि दुसऱ्या हातानं पेंडंट (होइस्टचं लटकतं बटण) दाबतो. बोटं तिथंच जातात.

दोन मार्ग आहेत. १२ इंची पाइप घ्या, ३२३.९ बाहेरून, १० मिमी जाड. मग पिलरमुळं साधारण १३, बूममुळं १२, एकूण २४-२५ मिमी. पास. किंवा तुमचाच १० इंची पाइप ठेवा आणि आर्म ३.२ मीटर करा. झोल २० मिमीच्या आत येतो, मर्यादा २१ ची आहे. आर्म ८० सेंटीमीटरनं कमी केला की एवढा फरक पडतो, म्हणून आर्मची लांबी "असू दे जरा जास्त" म्हणून धरू नका. व्हीएमसीच्या टेबलाच्या मध्यापासून पिलरचं केंद्र किती लांब आहे, ते टेपनं मोजा आणि त्यात ३०० मिमी मिळवा. टोकाला स्टॉपर आणि अर्धी ट्रॉली एवढं खातात. पिलरजवळचं अर्धा मीटर पण हुकच्या कामाचं नसतं.

बूमसाठी आयएसएमबी २०० घेऊन पैसे वाचवू नका. ४ मीटरला ती एकटीच २७ मिमीच्या आसपास वाकते, पिलरला काही उरतच नाही.

अजून एक: यार्डातल्या पाइपची जाडी कॅलिपरनं फक्त तोंडाशी मोजू नका. अल्ट्रासॉनिक थिकनेस गेजनं चारी बाजूंनी, खालपासून वरपर्यंत दर अर्ध्या मीटरला बघा. आतून गंजलेला १० मिमीचा पाइप ७ वर आलेला असू शकतो, आणि मग वरचे सगळे आकडे बाद.

शिरगाव_मशीनशॉप
फार उपयोग झाला, मनापासून आभार. आत्ताच टेप लावला. पिलर दोन व्हीएमसींच्या मधोमध, पुढच्या बाजूला घेतला तर दोन्ही टेबलांचे मध्य २.८५ मीटरवर येतात. म्हणजे ३.२ चा आर्म पुरतोय. पण सीएनसीचा चक त्याच पिलरपासून ३.९ मीटरवर आहे. शेजारच्या प्लॉटला खोदकाम झालंय तिथं ६०० मिमीनंतर कडक मुरूम लागला. पाया केवढा घ्यायचा? आणि आर्टिक्युलेटेड जिबनं तिन्ही मशीन होतील का?

ओळंबा
सीएनसीसाठी पहिल्या क्रेनचा आर्म लांबवू नका. त्या एका मशीनपायी पिलर, पाया, बोल्ट सगळंच वाढतं. शिवाय चकमध्ये जॉब चढवत असताना व्हीएमसीवाला थांबून राहणार. सीएनसीला वेगळी लहान जिब द्या. तिथला जॉब २५० किलोच्या आतला असेल आणि २ मीटर आर्म पुरत असेल तर मोमेंट एक टन-मीटरच्याही खाली राहतो, काम सोपं.

आर्टिक्युलेटेडचा उपयोग वेगळा आहे. तिला कोपरासारखा दुसरा सांधा असतो, होइस्ट बाहेरच्या आर्मच्या टोकाला पक्का बसवलेला असतो, ट्रॉली नसते. मध्ये खांब आला, मशीनच्या दारातून तिरकं आत शिरायचं आहे, पिलरला चिकटून ठेवलेला जॉब उचलायचा आहे, अशा ठिकाणी ती एक नंबर. सीएनसीच्या दारात तीच शोभेल. पण दोन सांधे म्हणजे पिलर जरा जरी कलला तरी दोन्ही आर्म आपापल्या मर्जीनं फिरणार. बसवणारा पक्का हवा.

व्हीएमसीच्या बाबतीत उंचीचा हिशेब पुन्हा करा. टेबल जमिनीपासून ९०० मिमी, फिक्स्चर (जॉब धरणारी जोडणी) ३००, कास्टिंग ४००, स्लिंग ५००, चेन होइस्टचा हुक पूर्ण वर असताना बूमपासून ४५०, वर २०० मोकळे. २७५० होतात. म्हणजे ३.५ मीटरची बूम जास्तच वर आहे असं वाटेल, पण बूमला मशीनच्या डोक्यावरून जायचंय. सगळ्यात उंच भाग मोजा, झेड अक्ष (मशीनचं डोकं वर-खाली नेणारा) पूर्ण वर नेऊन. आणि दारावरच्या कॅनोपीला चेन आत शिरायला खाच आहे का ते बघा. नसेल तर क्रेन कितीही चांगली असली तरी जॉब दाराबाहेरच लटकणार.

बेसप्लेट
पाया मी सांगतो. ३.२ मीटर आर्मला उलटवणारा मोमेंट साधारण २४०० किलो-मीटर. १.६ बाय १.६ मीटर, १ मीटर खोल ठोकळा घ्या. काँक्रीटचं वजन ६.१ टन, वर क्रेन आणि माल मिळून एक टन. उलटण्याविरुद्ध २.४ पट सुरक्षितता मिळते, कडेला जमिनीवर दाब ६ ते ६.५ टन प्रति चौरस मीटर. कडक मुरुमाला हे काहीच नाही. १.२ चा चौकोन करून चालतंय असं कुणी सांगेल. १.२ चं वजन साडेतीन टनांच्या आत, वरचा टन धरूनही सुरक्षितता १.१ वर येते, म्हणजे काठावर. ऐकू नका. हेच काम शिरोलीकडं, पंचगंगेच्या बाजूच्या काळ्या मातीत असतं तर मी १.६ वर पण थांबलो नसतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पिलरचा ओळंबा ऋतूप्रमाणे बदलतो. तिथं काळी माती काढून मुरुमापर्यंत जायलाच लागतं.

काँक्रीट एम-२५. खाली-वर जाळी, १२ मिमी सळई, १५० मिमी अंतरानं. बाजूची ट्रिमिक्स फरशी कटरनं कापा, घणानं फोडू नका, आणि ठोकळा व फरशी यांच्यात फटीला भरण द्या म्हणजे क्रेनचा हादरा फरशीत जाणार नाही.

बोल्ट ८, एम-२४, ६५० मिमी लांब, ५६० मिमी व्यासाच्या पिच सर्कलवर (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात ते). बोल्टवर जास्तीत जास्त ओढ दोन टनांच्या आसपास येते, त्यामुळं एम-२४ निवांत आहे. पण टेम्प्लेट करा. ६ मिमीच्या दोन प्लेट, एक वर एक खाली, दोन्हींतून बोल्ट उभे बांधलेले. काँक्रीट ओतताना एकच प्लेट वापरली की खालची टोकं सरकतात, बोल्ट तिरके होतात, मग बेसप्लेटची भोकं गॅसनं मोठी करायची वेळ येते. गॅसनं वाढवलेल्या भोकाची बेसप्लेट नाकारा.

आता खरा मुद्दा. आठही बोल्टवर खाली एक नट, वर दोन. खालच्या नटांवर पिलर टेकवायचा आणि त्यांनीच ओळंब्यात आणायचा. पिलरच्या दोन बाजूंना, एकमेकींशी काटकोनात, ओळंबा सोडा. ३.५ मीटरला ३ मिमीच्या आत आलं पाहिजे. आर्म चारही दिशांना नेऊन सोडून बघा. जिथं सोडला तिथंच थांबला तर पिलर सरळ. एकाच बाजूला जाऊन थांबत असेल तर ती बाजू खाली आहे, समोरचे नट सैल करून पुन्हा. हे सगळं झाल्यावरच नॉन-श्रिंक (न आकसणारं) ग्राउट, ३० ते ४० मिमी. साधा सिमेंट-वाळूचा माल भरला तर तो आकसतो, बेसप्लेटखाली पोकळी राहते आणि सगळा भार खालच्या नटांवर येतो. एकदा ग्राउट घट्ट झालं की ओळंबा सुधारायचा मार्ग उरत नाही, आणि आयुष्यभर आर्म आपोआप वळत राहतो. ब्रेक पॅड लावून तो लपवतात, पण ऑपरेटरला प्रत्येक वेळी चढावर ढकलल्यासारखं होतं.

पाया ओतल्यावर निदान ७ दिवस पिलर उभा करू नका, आणि २८ दिवसांआधी टेस्ट लोड नको. गोणपाट ओलं ठेवायला कुणाला तरी नेमून द्या.

हिशेब_आधी
फिरणाऱ्या डोक्याकडं लक्ष द्या, स्वस्त क्रेन तिथंच मार खातात. वरच्या पिनवर टेपर रोलर बेअरिंग हवं, नुसतं बुश नको. खाली दोन रोलर पिलरभोवती फिरतात. पिन आणि रोलर यांच्यात ६०० मिमी उंची ठेवली तर २.४ टन-मीटरला ४ टन आडवी ओढ येते. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ३०-३० अंशांवर रोलर असले तर प्रत्येकावर २.३ टन. उंची १ मीटर केली की प्रत्येकावर १.४ टनच. थोडं स्टील जास्त, पण आर्म बोटानं फिरतो.

रोलर थेट पाइपवर फिरवू नका. पाइप पूर्ण गोल नसतो आणि मऊ असतो, रोलर खड्डे पाडतात, मग आर्म ठरावीक जागी अडकतो. पाइपवर टर्न केलेली रिंग बसवा.

ट्रॉली घेताना आयएसएमबीचा फ्लँज आतून उताराचा असतो हे दुकानदाराला सांगा. सपाट चाकांची ट्रॉली कडेवर चालते आणि फ्लँज खाते. २५० च्या बीमचा फ्लँज १२५ मिमी रुंद आहे, चाकांमधलं अंतर त्याला जुळवून घ्या.

५०० किलोला मोटरनं फिरवायची गरज नाही, हातानं होतं. पण होइस्ट दोन वेगांचा किंवा व्हीएफडीचा (वेग हवा तसा बदलणारा) घ्या. एकाच वेगाच्या होइस्टनं फिक्स्चरच्या पिनवर हाउसिंग उतरवता येत नाही, आपटतं. पूर्ण ३६० फिरवायची असेल तर वर स्लिप रिंग (फिरत्या भागाला वीज देणारी कडी) लागेल. तुम्हाला ती नको. २७० अंशांवर स्टॉपर लावा, साधी केबल चालते. स्टॉपर न लावता साधी केबल ठेवली तर पिळा पडून आतली तार तुटते.

मोल्ड_बॉक्स
मशीन शॉपचं झालं. फाउंड्रीवाले हा धागा वाचून हीच क्रेन मोल्डिंगला लावतील म्हणून सांगतो.

कोअर (पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) बसवणं आणि मोल्ड बॉक्स मिटवणं याला पिलर जिब उत्तम, फक्त ड्यूटी (कामाचा ताण) वेगळी. मशीन शॉपमध्ये तासाला चार-पाच जॉब, मोल्डिंगला प्रत्येक बॉक्सला उचल, फिरव, टेकव, परत थोडं वर, परत खाली. तासाला स्टार्टची संख्या शेकड्यात जाते. एम-५ ड्यूटीचा होइस्ट घ्या, तो २४० स्टार्टपर्यंतचा असतो. हलक्या ड्यूटीचा घेतला तर कॉन्टॅक्टर आणि ब्रेक लायनिंग आधी जातात.

वाळूची धूळ चेनमध्ये बसते. चेनला घट्ट ग्रीस थापलं तर वाळू चिकटून ती कानस होते. पातळ तेल, आधी पुसून. लोड चेनच्या ११ कड्यांची लांबी नवी असतानाच मोजून लिहून ठेवा. निर्मात्यानं दिलेल्या मर्यादेपलीकडं वाढली की चेन बदला, एखादं कडं काढून जोडायचं नाही.

आणि कळकळीनं सांगतो: वितळलेल्या धातूचा लॅडल या क्रेनवर उचलू नका, १०० किलोचा असला तरी. साध्या चेन होइस्टला एकच ब्रेक असतो. धातू उचलणाऱ्या होइस्टला दुहेरी ब्रेक, उष्णतेची ढाल आणि स्टीलच्या गाभ्याचा वायर रोप लागतो. त्यातही हातानं फिरवायच्या आर्मला धक्का बसला की लॅडल हिंदकळतो. लॅडलला वेगळी व्यवस्था.

शिरगाव_मशीनशॉप
लॅडल नाहीच, पण सांगितलंत ते बरं झालं. शेवटचं: क्रेन उभी राहिल्यावर टेस्ट कशी घ्यायची? आणि हाउसिंगला आय-बोल्ट लावून दोन पायांच्या स्लिंगनं उचलतो, ते चालू ठेवावं का?

बेसप्लेट
टेस्टला १२५ टक्के, म्हणजे ६२५ किलो. वजनकाट्यावर मोजलेली कास्टिंग घ्या, अंदाजानं नको. आधी रिकामी ट्रॉली टोकाला नेऊन जमिनीपासून बूमची उंची मोजा. ६२५ टोकाला १०० मिमी उचला, १० मिनिटं धरा, पुन्हा मोजा. मग आर्म सगळ्या कोनांतून सावकाश फिरवा. खाली उतरवल्यावर उंची पहिल्या आकड्यावर परत आली पाहिजे. नाही आली तर बोल्ट, वेल्ड किंवा पाया यांपैकी काहीतरी बसलंय, आणि ते सापडेपर्यंत क्रेन वापरायची नाही. बेसप्लेट आणि गसेटच्या (पिलर-बेसप्लेटला आधार देणाऱ्या तिकोनी पट्ट्यांच्या) वेल्डला टेस्टच्या आधी आणि नंतर डाय पेनेट्रंट (भेगा दाखवणारा रंग) मारा. आठवड्यानं बोल्ट पुन्हा आवळा. ५०० किलो हे बूमवर दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत रंगवा. वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून दाखला फाइलला ठेवायचा. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ पासून हा दंडक चालत आलाय.

आय-बोल्टबद्दल: तो सरळ वर ओढण्यासाठी असतो. ४५ अंशांनी तिरका ओढला तर त्याची ताकद चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यावर येते. दोन पायांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पायावर ओझ्याच्या ०.५८ पट ताण, १२० अंश झाला तर प्रत्येकावर पूर्ण ओझं. ३५० किलोचं हाउसिंग आखूड स्लिंगनं १२० अंशांत उचललं की प्रत्येक आय-बोल्ट तिरक्या दिशेनं ३५० किलो ओढतोय. स्लिंग लांब घ्या, उंचीत तुमच्याकडं पाऊण मीटर शिल्लक आहे. नाहीतर छोटा स्प्रेडर बीम करा, म्हणजे दोन्ही बोल्ट सरळ ओढले जातील. फिरणारे होइस्ट रिंग मिळतात, ते आय-बोल्टपेक्षा कधीही चांगले.

पॅलेट आर्मच्या वर्तुळाबाहेर ठेवून हुक तिरका ओढायची सवय पोरांना लागते. पिलरच्या केंद्रापासून २.८५ मीटरचा कंस फरशीवर पिवळ्या रंगानं आखा, पॅलेट त्याच्या आतच. तिरक्या ओढीनं बूमला पीळ बसतो आणि ट्रॉलीचं एका बाजूचं चाक फ्लँजवरून उचललं जातं.

शिरगाव_मशीनशॉप
ठरलं. १० इंची पाइप जाडी तपासून, ३.२ मीटर आर्म, आयएसएमबी २५०, १.६ चा पाया मुरुमापर्यंत, दोन वेगांचा होइस्ट. सीएनसीला वेगळी आर्टिक्युलेटेड २५० किलोची. उद्या थिकनेस गेजवाला येतोय, आकडे इथंच टाकतो.

हिशेब_आधी
टाका. कुठंही ९ च्या खाली आला तर पाइप वापरू नका, ३.२ ला तुमच्याकडं झोलात एक-दीड मिलिमीटरचीच सवड आहे.